अकरावं पाणी

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एका घरात राहिलो, एकाच रस्त्यानं पुढंमागं सायकली चालवत कामाला गेलो, दुपारी एकाच डब्यातला भात खाल्ला. पत्र लिहावं इतकं अंतर तुम्ही जाईपर्यंत आपल्यात पडलं नाही. आता तेरा वर्षं झाली. आज रविवार आहे. आंघोळ उरकून, आईच्या हातची कॉफी पिऊन, पडवीत पाट मांडून बसलोय, आणि लिहायला कारण कारखान्यातलंच आहे. नवा मॅनेजर आलाय, म्हैसूरचा, शिकलेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला नम्र. परवा मला म्हणाला, "सार, तळघरातलं सगळं तुमच्या डोक्यात आहे. ते कागदावर उतरवून द्या. नवीन पिंप आल्यापासून ते क्लबात जाईपर्यंत काय काय करायचं, एकेक पायरी." मी नुसतं "बघतो" म्हटलं, पण मनातून सुखावलो, तुमच्यापासून काय लपवायचं. इंग्रजी तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाला पदवीधर माणूस लिहून मागतो. मी तेवीस नियम लिहिले. खाडाखोड न करता, दर नियमाला स्वतंत्र ओळ. त्यानं वाचले, आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "नवीन पिंपात कढत पाणी भरून चार दिवस ठेवावं आणि ते पाणी पिंप बांधणाऱ्यानं स्वतः पिऊन बघावं. हे कुठल्या पुस्तकात नाही, सार. हे का?" मी म्हटलं, "सोमवारी सांगतो." आता सोमवार उद्यावर आलाय, आणि ते का, हे सांगायचं तर आधी तुम्हाला सांगायला हवं. त्याला नंतर.

तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा लिहितोय, राग मानू नका. क्रम चुकला की मला पुढचं सुचत नाही. बेंगळुराबाहेर, मारतहळ्ळी ओलांडून पुढं, बेळ्ळंदूरच्या तळ्यावरून वारा येतो त्या अंगाला, दोरेंचा तो लहानसा बीअरचा कारखाना. गोऱ्या साहेबाला आपल्याकडं दोरे म्हणतात, आणि आपले दोरे त्या शब्दाला शोभणारे होते. सहा फूट उंची, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, आणि सबंध कानडी भाषेतले तीनच शब्द: 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे जरा, आणि 'बेडा' म्हणजे नको. या तिन्हींवर त्यांनी तीस वर्षं कारखाना चालवला. त्यांच्या वडिलांचा इंग्लंडात एका खेड्यात असाच कारखाना होता. स्वतःची विहीर, शेजारी त्यांचं देऊळ, आणि पिंपं वाहायला एक घोडा. तो घोडा सकाळी निघून संध्याकाळी परत येईल, त्यापलीकडं त्यांची बीअर विकायची नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. लांब गेली की बिघडते म्हणून नव्हे. बिघडली तर तोंड दाखवायला जाता यावं म्हणून. इथं घोड्याच्या जागी बैलजोडी आली, आणि बैल कँटोन्मेंटच्या चार क्लबांपर्यंत जाऊन दिवसात परत यायचे. तेवढंच आपलं जग होतं, आणि मला ते कधी लहान वाटलं नाही.

ती बाटलीतली बीअर नव्हे. पिंपात भरली तरी ती आतल्या आत आंबत राहते, वायू धरते, दोन दिवस आडवी निजवली की गाळ खाली बसून वरचं तांब्यातल्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. पिंपाच्या पाठीवर एक भोक, त्यात वेताची मऊ खुंटी, वायू हळूहळू जायला. तो पुरेसा गेला की वेत काढून सागाची टणक खुंटी ठोकायची. कधी काढायची आणि कधी ठोकायची, एवढ्यावर सगळं. इंग्लंडातलं पुस्तक सांगतं तीन दिवस. आपल्या तळघरात, ओल्या गोणपाटांनी झाकूनसुद्धा, मार्च महिन्यात ते दीड दिवसावर येतं. हे मी शोधलं. कुणी शिकवलं नाही. एकशे चाळीस पिंपांच्या वेळा मी खडूनं भिंतीवर लिहिल्या आणि मग सांगितलं. दोरे म्हणाले, "सरी." दुसऱ्या दिवशी तुम्ही चुना लावणाऱ्या माणसाला त्या भिंतीपाशी थांबवून म्हणालात, "ही भिंत सोड. हिच्यावर लिहिलंय." ते मी ऐकलं होतं.

तुम्ही मुळात गाडीची चाकं करणारे. कढत लोखंडी धाव लाकडी चाकावर चढवून पाणी ओतायचं, लोखंड आवळतं, चाक जन्माचं घट्ट. दोरेंनी हलसूरच्या रस्त्यावर तुमचं चाक पाहिलं आणि म्हणाले, ज्याला चाक येतं त्याला पिंप येईल. जुना गोरा पिंपवाला मायदेशी जाण्याआधी दोन वर्षं तुमच्या शेजारी बसला. त्याला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची. तरी तुमच्या हातून पाणी न गळणारी पिंपं निघाली. आणि आपल्या घरात दारूचा थेंब नाही. आजोबा शिंदीपायी काय झाले ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, पण शिंदीच्या दुकानावरून जाताना तुम्ही सायकलवरून उतरून, ती हातात धरून, त्या दुकानाकडं पाठ करून चालायचा. हे उलटं आहे, मला वाटायचं; लोक अशा जागेवरून लवकर जातात, तुम्ही सावकाश जायचा. आता कळतं.

मी चोवीस वर्षांचा असताना दोरेंनी मला तळघरात घ्यायचं ठरवलं, त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळतेय, हात पाण्यात बुडवून, चुलीचा धूर खिडकीकडं वळलाय. तुम्ही पाटावर. "हात भिजू देत," तुम्ही म्हणता, "जीभ नको." मी म्हणतो, "बरं." तुम्ही म्हणता, "बरं नको. शब्द दे." मी मिठाच्या बरणीवर हात ठेवून शब्द देतो. आई मुद्दा ताटात टाकत म्हणते, "मासा घालतात म्हणे त्यात. दारू ती दारू, वर मासा!" माशाच्या पोटातल्या फुग्याचा चिकट रस घालतात, गाळ लवकर बसावा म्हणून, तेच ती म्हणत होती. तुम्ही इतके गंभीर बसला होता, तरी त्यावर हसलात.

जीभ बंद म्हटल्यावर आपल्याकडं उरलं नाक. आणि तुमचं नाक! पिंपाचं बूच काढून, तोंड वाकडं करून, एका नाकपुडीनं हुंगायचा आणि सांगायचा, "हे धुताना घाई केलीय," "हे उन्हात ठेवलं होतं," "ह्याच्यात मागची बीअर आंबट झाली होती." तीन हातांवरून सांगायचा. दोरे हसून मला म्हणायचे, तुझ्या बापाचं नाक मला इंग्लंडात मिळालं असतं तर मी जीभ विकून टाकली असती. मला ते नाक पुरतं मिळालं नाही. अर्धं मिळालं, उरलेलं मी मेहनतीनं केलं.

आणि पुस्तकांनी. तुम्हाला पुस्तकं आवडायची नाहीत असं मी सगळ्यांना सांगतो, पण अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून माझ्यासाठी इंग्रजी शब्दकोश आणणारे तुम्हीच. वर्तमानपत्रात बांधून, सायकलच्या मागं. त्याची सुरुवातीची पानं गेलेली, डी अक्षरापासून कोश सुरू. तुम्हाला ते कळायचं कारण नव्हतं. गंमत बघा, आपल्या धंद्यातला जवळजवळ दर शब्द त्या गेलेल्या पानांत. एल, बॅरल, बीअर, ब्रू, कास्क म्हणजे पिंप, सेलर म्हणजे तळघर, कूपर म्हणजे पिंपवाला. सगळे ए, बी, सीमध्ये. ते शब्द मला कोशात कधी सापडले नाहीत, ते हातानं शिकावे लागले. उरलेलं इंग्रजी कोशातून. मी एकदा तुम्हाला पुस्तकातून वाचून दाखवत होतो की पिंपाच्या फळीची जाडी अमुक असावी. तुम्ही रंधा थांबवला नाहीत. "पुस्तकातली पिंपं गळत नाहीत," म्हणालात. वर्षभर मी तुमच्यासमोर पुस्तक उघडलं नाही. बोलणं खरं होतं म्हणूनच लागलं.

मग ओक, पिंपांचं ते विलायती लाकूड, यायचा थांबला. स्वातंत्र्यानंतर आयातीचे परवाने लागायला लागले, आणि बीअरच्या पिंपांसाठी परदेशी लाकूड आणायला सरकार कशाला परवाना देतंय? जुनी पिंपं एकेक करून कुजली. दोरेंनी तुम्हाला शेडमध्ये बोलावलं, मी दुभाष्या. ते म्हणाले, देशी लाकडाचं एक पिंप करून बघा. बीअर त्यात टिकली तर आणखी चाळीस करू. नाही टिकली तर मी बाटल्या भरतो, पिंपांची शेड बंद. मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं, शेवटचं वाक्य जरा मऊ करून. तुम्ही म्हणालात, "बंद म्हणाले ना? मग बंद म्हण." चाकांच्या कामाला परत जाण्याची तुम्हाला लाज नव्हती. पण सगळ्या बेंगळुरात पिंप बांधणारा मेस्त्री तुम्ही एकटे होता, हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्याचा मान तुमच्या चालण्यात होता. तो जाणार होता.

तुम्ही साग नाकारला, त्याला तेलाचा वास. फणस नाकारला, वाकताना चिरतो. शेवटी होन्ने. आपले देशावरचे लोक त्याला बिबळा म्हणतात. गाडीच्या कामात तुम्ही ते आयुष्यभर हाताळलेलं. कठीण, पाण्याला दाद न देणारं. आठ महिने फळ्या सावलीत वाळवल्या. मी घाई करायचो आणि तुम्ही म्हणायचा, "स्वल्प थांब रे. लाकूड काय पळून जातंय?" आतून जाळ करून फळ्या वाकवल्या, पट्ट्या चढवल्या, पाणी भरलं, आणि आपण दोघं सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याभोवती फिरत होतो. एक थेंब बाहेर नाही. तुम्ही त्या पिंपावर थाप मारलीत, जशी बैलाच्या पाठीवर मारतात.

त्यात बीअर भरली. तीन आठवडे तळघरात. नवीन पिंपातली पहिली बीअर दोरे स्वतः चाखायचे, कधी चुकायचे नाहीत. पण त्याच आठवड्यात त्यांचे सगळे दात काढले होते, कवळी बसवायची म्हणून. तोंड सुजलेलं, गालात कापूस, बोलता येईना. गळ्यात पाटी अडकवून हिंडायचे. गुरुवारी सकाळी पिंप क्लबात जायचं होतं. त्यांनी पाटीवर इंग्रजीत लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. तुम्ही विचारलंत, "काय लिहिलंय?"

"म्हणतात, तू चाखून बघ आणि पाठव."

"चाखून?" तुम्ही दोरेंकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. "नाकानं बघ. नाक पुरे."

दोरेंना काय कळलं कुणास ठाऊक. पाटी पुसली आणि लिहिलं, सरी.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी तळघरात उतरलो. वेताची खुंटी काढली, काचेच्या नळीनं नमुना काढून पेल्यात घेतला, झरोक्याच्या उजेडात धरला. रंग ठीक, स्वच्छपणा ठीक. हुंगला, दोन्ही नाकपुड्यांनी, वेगवेगळा. जवाचा भाजका वास, हॉप्सच्या फुलांचा, मागं थोडं ओलं लाकूड, आणि ते लाकूडही वाईट नाही. मी वर आलो. तुम्ही दारात उभे, हातात खडू.

"काय?"

"सरी आहे, अण्णा."

"नाकानं?"

"नाकानं."

तुम्ही पिंपाच्या तोंडावर खडूनं आपली खूण केलीत, आणि ते गाडीवर चढलं.

रविवारी ते परत आलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं, आणि बरोबर क्लबचा बटलर, पांढऱ्या कोटात, गाडीवर बैलवाल्याशेजारी बसून. खाली उतरायच्या आधीच ओरडला, "मेस्त्री, इदु बियर अल्ला, कषाय!" ही बीअर नव्हे, काढा आहे. शनिवारी दुपारी त्यांच्याकडं क्रिकेटची मंडळी जमली होती, आणि पहिल्याच पेल्याला एकानं विचारलं होतं की हे तापाचं औषध आहे का. "एका म्हाताऱ्या मेजरनं तर," बटलर म्हणाला, "दुसरा पेला मागितला. म्हणाला, पोट साफ होईल." गाडीवाला हसला. तुम्ही हसला नाहीत. धोतराचा काचा नीट केलात, अंगात कोट घातलात, तो लग्नाकार्याचा, शेडमध्ये खुंटीवर असायचा, आणि मला म्हणालात, "चल."

क्लबपर्यंत आपण चालत गेलो, सायकली असताना. स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही हात जोडून उभे राहिलात. क्लबचा सेक्रेटरी आला, म्हातारा अँग्लो-इंडियन, त्याला खरं तर इतकं काही वाटलं नव्हतं. तुम्ही कानडीत म्हणालात, लाकूड माझं, निवड माझी, दोष माझा. पोरानं नाकानं बघितलं, नाकात दोष नव्हता. तो म्हणाला, "परवा इल्ला, मेस्त्री, परवा इल्ला." काही हरकत नाही. मी मागं उभा होतो. हातात काही नव्हतं, आणि हात कुठं ठेवावेत हे मला कळत नव्हतं. परत येताना विमानांच्या कारखान्याच्या कुंपणाशी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "तुझा दोष नाही. नाकाला तेवढंच कळतं." आणि पुढं चालायला लागलात.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप तसंच हातात राहिलं. "होन्नेचं केलंत? अगबाई!" तिच्या थोरल्या अक्काला साखरेचा आजार होता, आणि वैद्यानं होन्नेच्या लाकडाचा पेला दिला होता. त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. "नाक धरून प्यायची बिचारी. कडूजहर! आठ महिने लाकूड वाळवलंत, मला एका शब्दानं विचारलं असतंत तर?" तुम्ही "हूं" म्हणालात. आपण दोघं, नाकाचे एवढे मोठे जाणकार, आणि उत्तर तांदूळ निवडत बसलेलं. मग तीच म्हणाली, सुपाकडं बघत, "शपथ बीअरची आहे ना तुमची? पाण्याची कुठं आहे? पाणी भरा की त्या पिंपात, आणि प्या." कागदावर हा चौथा नियम तुमच्या नावावर जाणार आहे, कारण केलात तुम्ही. पण कल्पना आईची, हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून इथं लिहितो.

दोरेंनी महिनाभर मुदत दिली, पाटीवर. कढत पाणी, धुण्याचा सोडा, चार दिवस. पहिलं पाणी काढलं ते चहासारखं, आणि उन्हात धरलं तर त्याच्या कडेला निळी झाक. ते तुम्ही पितळी वाटीत घेतलंत आणि प्यालात, उभ्यानं, एका दमात. चेहरा हलू दिला नाहीत, पण डाव्या डोळ्यातून पाणी आलं. "काय?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मेजरचं पोट साफ झालं असेल." त्या आठवड्यातलं ते पहिलं हसणं. दुसरं पाणी, तिसरं. दर चार दिवसांनी शेडमधले सगळे जमायचे. जव भाजणारा, बैलवाला, आणि दोरे, नव्या कवळीचा डबा खिशात घेऊन. तुम्ही प्यायचा आणि ते तुमच्या तोंडाकडं बघायचे. सहाव्या पाण्याला बैलवाला म्हणाला, "मेस्त्री, आता तुम्हाला जन्मात साखरेचा आजार नाही." आठव्याला महिना संपला, दोरेंनी कॅलेंडर पाहिलं आणि उलटं करून ठेवलं. नवव्याला तुम्ही मान हलवलीत, जरा बरं. मग सोडा बंद, नुसतं पाणी. दहावं. अकरावं पाणी तुम्ही प्यालात, आणि वाटी माझ्या हातात दिलीत. मी प्यालो. विहिरीचं पाणी. फक्त विहिरीचं, मागं कुठं तरी लाकडाची ओळख. तुम्ही म्हणालात, "आता भर."

ती बीअर दोरेंनी कवळी लावून चाखली. मग आणखी एक पेला घेतला, पायरीवर बसून सावकाश संपवला, आणि म्हणाले, ह्याला ओकची चव नाही, ह्याची स्वतःची आहे. क्लबानं ते पिंप शनिवारी संध्याकाळपर्यंत रिकामं केलं, आणि बटलर रिकाम्या पिंपाबरोबर पुन्हा आला, यायचं काही काम नसताना. तुम्ही चाळीस पिंपं केलीत. मोजून एकेचाळीस; शेवटचं जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. सव्वीस अजून वापरात आहेत. पुढच्या वर्षी धातूची पिंपं येणार आहेत, चकचकीत, त्यांना पाणी पाजायला लागत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच. लाकूड आपलं काम करून गेलं. दोरे आपल्या गावी आहेत, अधूनमधून कार्ड येतं, त्यात 'स्वल्प' हा शब्द हटकून असतो. मी तळघराचा प्रमुख आहे. घरात सगळं ठीक आहे. आई अजून मासा म्हणून हसते.

आता चौथा नियम.

अण्णा, त्या गुरुवारी सकाळी पेला नाकाशी होता आणि तिथून तोंड दोन बोटांवर. मी प्यालो. एक घोट. कडू लागली, आणि जिभेचा मागचा भाग सुकला, कच्ची सुपारी खाल्ल्यासारखा. पण बीअर कडूच असते असं सगळे म्हणतात; मला काय ठाऊक किती कडू? म्हणून शेजारच्या ओकच्या जुन्या पिंपातून नमुना काढला, त्याच पेल्यात, विसळून, आणि एक घोट त्याचा घेतला. तेव्हा कळलं. तिथला कडूपणा येतो आणि जातो, तुमच्या पिंपातला येतो आणि बसतो. शंका उरली नाही. वर यायला अकरा पायऱ्या आहेत. त्या चढताना मी वाक्य तयार केलं होतं. अण्णा, लाकूड कडू आहे, पाठवू नका. मग तुम्ही विचारलंत, "नाकानं?" आणि ते वाक्य सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. माझा शब्द राहिला, असं तुम्हाला वाटावं म्हणून मी तुमचं पिंप जाऊ दिलं. क्लबच्या दारात तुम्ही हात जोडलेत ते माझ्या तोंडातल्या चवीपायी.

एक गोष्ट मात्र मी सोळा वर्षं उलटीसुलटी करून पाहिलीय. तीन हातांवरून शिळ्या पिंपाचा वास ओळखणारं तुमचं नाक, आणि मी तुमच्यापासून एका हातावर उभा राहून बोललो. तळघराला सगळीकडं तोच वास असतो, हे मी स्वतःला सांगतो. पण मग तुम्ही "नाकानं?" असं का विचारलंत? आणि कुंपणाशी थांबून "तुझा दोष नाही" म्हणालात, ते कुणाला? मला वाटतं तुम्हाला माहीत होतं, आणि माझा शब्द मोडला हे माझ्याच तोंडून निघावं असं तुम्हाला वाटत नव्हतं. माझी ही समजूत चूकही असेल. पडताळा घ्यायला तुम्ही नाही, आणि पडताळा न घेता मी काही लिहीत नसतो, म्हणून हे नियमात जाणार नाही. मॅनेजरला उद्या एवढंच सांगेन की लाकडाचा दोष नाकाला कळत नाही, आणि ज्याला कळेल त्यानं त्याच दिवशी बोलावं. दुसरा भाग आज मी नवीन जोडला, चौथ्याच्याच खाली, स्वतंत्र ओळीत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा हिशेब पुरा लिहितो. पहिला घोट कामाचा होता, दुसरा तुलनेचा. त्यानंतर आजपर्यंत जिभेला थेंब लावलेला नाही, मिठाच्या बरणीसमोर सांगतो. पण अण्णा, त्या सकाळी ओकच्या पिंपातून मी तिसराही घोट घेतला होता. तो कशासाठीच नव्हता. चांगली लागली म्हणून.